हातात मावेल तेवढंच
वाचकांचे प्रश्न आणि प्रवासाची उत्तरं

गेल्या अंकात एका उत्तरात मी ओघात लिहून गेले होते, की विमानात सामान जमा करायचं मी २०१४ पासून सोडलंय, हातातल्या एका बॅगेतच सगळं नेते. त्या एका वाक्यावर ढीगभर पत्रं आली. म्हणून या वेळची सगळी उत्तरं याच विषयाची.

थोडं माझ्याबद्दल, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. मी कोल्हापूरची. बँकेच्या तपासणी विभागात होते, महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. सुरुवातीची वर्षं सगळा प्रवास एसटीचा. स्टँडवर बॅग उतरवून घ्यायला शाखेतलं कुणीतरी यायचंच, त्यामुळे वजनाचा विचार कधी केला नाही. निवृत्तीच्या वर्षी एका विमानतळावर सत्तरीच्या एक आजी पाहिल्या. एकट्या होत्या. विमानात चढायच्या दाराशी त्यांची बॅग काट्यावर ठेवली, ती अकरा किलो भरली. जास्तीचे पैसे भरा, नाहीतर सामान कमी करा, असं सांगितलं. आजींनी तिथेच फरशीवर बसून बॅग उघडली. आतले कपडे, औषधांच्या पिशव्या, फडक्यात बांधलेला डबा, सगळं रांगेतल्या माणसांसमोर. एक साडी त्यांनी अंगावरच्या साडीवरून शालीसारखी गुंडाळली. शेवटी चिवड्याचा डबा खुर्चीवर ठेवून निघाल्या आणि दोनदा मागे वळून त्या डब्याकडे पाहिलं. मी बॅग भरायला हात लावला, पण तो डबा मला घेता आला नाही. माझीही बॅग गच्च होती. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलायला घेतली, ती सवय आजतागायत आहे.

इचलकरंजीहून एक भगिनी लिहितात: ताई, माझं वय ५८. लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने बेंगळुरूला जायचंय. जावयांनी विमानाचं तिकीट काढलंय, पण त्यात फक्त हातातलं सामान आहे, ७ किलो. विमानात पहिल्यांदाच बसतेय आणि एकटी आहे. सोबत यादी पाठवते. यातलं काय नेऊ आणि काय ठेवू?

तुमची यादी वाचून मला माझ्या आईची आठवण झाली. पाच सुती साड्या, तीन किलो डिंकाचे लाडू, एक किलो कांदा-लसूण मसाला, एक किलो खोबऱ्याच्या वाट्या, किलोभर तूप, बाळगुटीची सहाण, गोधडी, झबली-दुपटी. यातलं जे माझ्या घरात होतं ते मी तोललं, बाकीचं अंदाजाने धरलं. परकर-ब्लाउजांसह साड्या चार किलो. माझ्या सासूबाईंची सहाण एक किलो दीडशे ग्रॅम. एका माणसाची गोधडी एक किलो आठशे. शिवाय ज्या चाकांच्या बॅगेत हे सगळं भरायचं म्हणताय ती रिकामीच सुमारे दोन किलो नऊशेची असते. बेरीज साडेसोळा किलो.

म्हणून पहिली गोष्ट, ती चाकांची बॅग घरी ठेवा. ७ किलोंत बॅगेचं स्वतःचं वजन धरलेलं असतं, आणि बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं. खांद्याला अडकवता येणारी कापडी बॅग सातशे ग्रॅममध्ये मिळते. म्हणजे जवळजवळ सव्वादोन किलो तिथेच वाचले. आकार साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटरच्या आत हवा. कापडी बॅगेचा आणखी एक फायदा असा, की एटीआरसारख्या छोट्या विमानात डोक्यावरचे कप्पे बुटके असतात. कडक बॅग तिथे अडते, कापडी बॅग दाबून बसते. खांदा किंवा पाठ दुखत असेल तर मात्र चाकं लागतीलच. मग दुकानात जाताना वजनकाटा घेऊन जा आणि दोन किलोंच्या आतली बॅग शोधा.

आता मसाला. तिखटाची पूड हातातल्या सामानात चालत नाही, ती डोळ्यांत फेकता येते म्हणून. हे मला माहीत नव्हतं तेव्हा सासूबाईंनी डंकावर उभं राहून कुटून आणलेला अर्धा किलो कांदा-लसूण मसाला घेऊन मी दिल्लीला निघाले होते. तपासणीच्या पट्ट्यावरून बॅग पुढे गेली आणि बाजूला काढली गेली. सुरक्षारक्षकाने पिशवी वर धरली, गाठ न सोडताच वास घेतला आणि ‘मॅडम, ये नहीं जाएगा’ म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. पिशवी निळ्या टोपलीत पडली, आणि दिल्लीला पोचेपर्यंत घरी काय सांगायचं याचाच विचार माझ्या डोक्यात होता. तुमच्यावर ही वेळ येऊ देऊ नका. तेलात बुडालेलं लोणचंही असंच अडतं, त्यातून मिरचीचं असलं तर नक्कीच.

खोबऱ्याच्या वाट्या तर विमानाला वर्ज्यच समजा. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत त्याची गणना धोकादायक मालात होते. लाडवात किसून, भाजून घातलेलं खोबरं वेगळं. तो खाद्यपदार्थ झाला आणि मी असे लाडू कितीदा तरी नेलेत. अख्खा नारळही हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी २०२४ च्या हंगामात खास सवलत जाहीर करावी लागली होती. निघताना कुणी ओटी भरली तर तो नारळ घरच्या देवाजवळ ठेवून मगच गाडीत बसा.

तूप नेऊच नका. बेंगळुरूत नंदिनीचं तूप कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं आणि ते चांगलं असतं. सहाणही राहू दे. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काही देऊ नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तेव्हा गुटीचं काय करायचं ते लेकीच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मसाला, खोबरं आणि गोधडी आठ दिवस आधी पार्सलने पाठवा. कोल्हापुरातून बेंगळुरूला रात्रीच्या खासगी गाड्या जातात, त्या पार्सल घेतात. खोबरं असल्यामुळे रस्त्याने जाणारंच पार्सल निवडा आणि आत काय आहे ते स्पष्ट सांगा.

मग बॅगेत काय राहिलं? बॅग सातशे ग्रॅम. अंगावर एक साडी, आत दोन, परकर-ब्लाउजांसह दीड किलो. लेकीच्या घरी वॉशिंग मशीन आहे, दोन महिन्यांना एवढं पुरतं. दोन गाऊन अर्धा किलो. आतले कपडे तीनशे, घरातल्या चपला अडीचशे, पंचा एकशे दहा, औषधं आणि तोंड धुण्याचं सामान सहाशे ग्रॅम. झबली-दुपटी सातशे. ती तुम्ही जुन्या मऊ लुगड्यांची शिवली आहेत असं लिहिलंय, ती पार्सलने पाठवू नका, हातातच न्या. आणि लाडू दीड किलो. झाले सहा किलो एकशे साठ. उरलेल्या आठशे ग्रॅममध्ये आणखी वीस लाडू बसतील, माझा एक लाडू चाळीस ग्रॅमचा होतो. डबा स्टीलचा घेऊ नका, माझा दोन किलोंचा स्टीलचा डबा रिकामाच साडेचारशे ग्रॅम भरला. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत लाडू एका थरात ठेवा आणि दोन्ही बाजूंनी दुपटी लावा, म्हणजे फुटणार नाहीत.

हातातल्या सामानापुरतं स्वस्त तिकीट विकायची मुभा आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी खात्याने, फेब्रुवारी २०२१ मध्ये दिली. जावयांनी काटकसर केली ती बरोबरच केली. पण एवढं करूनही जीव खालीवर होत असेल तर त्यांना सांगून आधीच ऑनलाइन सामानाचे पैसे भरून घ्या. विमानतळावर तेच काम बरंच महाग पडतं.

नाशिकहून एक तरुण वाचक: काकू, नोकरीच्या ट्रेनिंगसाठी जानेवारीत चार दिवस गुरुग्रामला जायचंय. थंडीचे कपडे, फॉर्मल कपडे, लॅपटॉप. ७ किलोंत कसं बसवू?

काकू म्हणालास, म्हणून ‘तू’ म्हणते. जड ते अंगावर. जॅकेट, बूट आणि जीन्स घालूनच नीघ. माझ्या मुलाची जीन्स साडेसहाशे ग्रॅमची आहे आणि बुटांचा जोड नऊशेचा. अंगावरचं कुणी तोलत नाही. जाड स्वेटर एकच, आत दोन थर्मल. दिल्लीकडची थंडी सकाळ-संध्याकाळची असते, दुपारी उन्हात जॅकेट काढावं लागतं, म्हणून एकच भलंमोठं जाड घेण्यापेक्षा थरावर थर बरे. फॉर्मल पॅन्ट एक, शर्ट तीन.

लॅपटॉपची छोटी बॅग बहुतेक कंपन्या वेगळी चालवून घेतात, तरी आपल्या तिकिटावर काय लिहिलंय ते वाच. पॉवर बँक मात्र हातातच ठेवायची, जमा करायच्या सामानात ती कधीच चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज साठते त्याचं हे माप) कुणाला विचारावं लागत नाही. हिशेब सोपा आहे: पॉवर बँकेवर २०,००० एमएएच लिहिलं असेल तर हजाराने भागून २०, त्याला ३.७ व्होल्टने गुणायचं, म्हणजे ७४ वॉट-अवर. आकडे पुसट झालेली जुनी पॉवर बँक नेऊ नकोस, ती काढून घेतात.

दापोलीहून एक ज्येष्ठ वाचक: आम्ही दोघं काशीला निघालो आहोत. मला इन्सुलिन चालू आहे. ते हातातल्या बॅगेत नेता येतं का? पूजेचं साहित्य आणि परत येताना गंगाजल?

इन्सुलिन नुसतं नेता येतं असं नाही, ते हातातच न्यायला हवं. विमानाच्या पोटात थंडी किती पडेल याचा भरवसा नसतो आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, मग ते पुन्हा वितळलं तरी वापरायचं नसतं. डॉक्टरांची चिठ्ठी सुयांसोबत एकाच पाकिटात ठेवा. तपासणीला उभं राहिल्यावर त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच सांगा, मला इन्सुलिन आहे. माझ्या यजमानांना दहा वर्षं चालू आहे, आधी सांगितलं की दोन मिनिटांत सोडतात असा आमचा अनुभव. जेवणाच्या वेळा पुढे-मागे होतात, म्हणून खिशात दोन खडीसाखरेचे खडे आणि बिस्किटं असू द्या.

पूजेचं साहित्य काशीतच घ्या. कापूर आणि काडेपेटी दोन्ही विमानात चालत नाहीत, ना हातात, ना जमा केलेल्या सामानात. गंगाजलाचा कॅन हातातून आणायच्या भानगडीत पडू नका. पोस्ट खातं २०१६ पासून गंगाजलाच्या सीलबंद बाटल्या विकतं, आपल्या पोस्टात चौकशी करा. ते गंगोत्रीचं असतं, काशीचं नाही हे खरं. पण तुमच्या वयात पाच लिटरचा कॅन घेऊन विमानतळाचे जिने चढू नयेत असं मला मनापासून वाटतं.

पुण्याहून एक शिक्षिका: हैदराबादला भाचीचं लग्न. पैठणी चुरगळू नये म्हणून काय करू? दागिने?

पैठणीची जरतार घडीवर मोडते, चुरगळण्यापेक्षा तेच नुकसान जास्त. साडीची आहे ती घडी उलगडा, जुना स्वच्छ पंचा किंवा मलमलचं कापड मधे घाला आणि साडी त्यावर सैल गुंडाळा, सुरळीसारखी. जरीचा काठ आतल्या बाजूला. ही सुरळी बॅगेत सगळ्यांत वर, तिच्यावर काही नाही. माझी पैठणी सातशे ऐंशी ग्रॅम भरते, म्हणजे एकच नेता येईल. हळदीला सुती, लग्नाला पैठणी, स्वागत समारंभाला तीच पैठणी वेगळ्या ब्लाउजवर. मी हे माझ्या सख्ख्या पुतणीच्या लग्नात केलंय.

दागिने पर्समध्ये, पर्स मांडीवर. वरच्या कप्प्यातही ठेवू नका.

सातारा, सोलापूर, परभणी अशा बऱ्याच ठिकाणांहून: तीन जोड कपड्यांवर आठ दिवस कसे काढायचे?

धुवून. यातली खरी युक्ती वाळवण्यात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

टर्किश टॉवेल घरी ठेवा. माझा साडेचारशे ग्रॅमचा आहे, ओला झाला की किलोभर होतो आणि हॉटेलच्या बंद खोलीत दोन दिवस वाळत नाही. पंचा एकशे दहा ग्रॅम, रात्री टाकला की सकाळी कोरडा. रात्री आंघोळ करतानाच दिवसाचा ड्रेस धुऊन टाकायचा. हाताने पिळायचा. मग पंचा पलंगावर पसरायचा, त्यावर ड्रेस पसरायचा, दोन्हींची मिळून घट्ट वळकटी करायची आणि त्या वळकटीवर गुडघा टेकवून दाबायचं. माझे गुडघे आता ते करू देत नाहीत, मी वळकटी खुर्चीत ठेवून तिच्यावर दोन मिनिटं बसते. पंचा सगळं पाणी ओढून घेतो. ड्रेस काढला की तो नुसता दमट लागतो. खुंटीवर न टांगता हँगरला लावून पंख्याखाली ठेवायचा. मिश्र धाग्याचा असेल तर सहा तासांत वाळतो. जाड सुती असेल तर पावसाळ्यात मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही वाळत नाही, हा अनुभव घेऊन झालाय. म्हणून प्रवासाचे कपडे निवडताना मी घरीच एकदा धुऊन घड्याळ लावून पाहते. जो ड्रेस रात्रीत वाळत नाही तो बॅगेत जात नाही, मग कितीही आवडता असो.

कपडे धुवायला वेगळा साबण नको, अंगाला लावायचीच वडी चालते. वडीमुळे आणखी एक सोय होते: परदेशी जाणाऱ्या विमानात पातळ पदार्थांची प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरच्या आत लागते आणि सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसवाव्या लागतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमानं उडवून द्यायचा कट उघडकीस आला, तेव्हापासूनचा हा नियम. वडीला तो लागू नाही.

डोंबिवलीहून एक आजी: अमेरिकेला मुलाकडे जातोय. भाजणी आणि मेतकूट हातातल्या बॅगेत ठेवू का?

ठेवू नका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत ३० जून २०१८ पासून हातातल्या सामानातली ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड वेगळी तपासतात. काय आहे ते पटलं नाही तर ठेवून घेतात. तुमच्या तिकिटात जमा करायचं सामान आहे ना, मग भाजणी त्यात. हातात औषधं, कागदपत्रं आणि एक कपड्यांचा जोड. बॅग एक दिवस उशिरा आली तरी अडू नये.

मिरजेहून एका वाचक मैत्रिणीने विचारलंय: ताई, तुमच्या स्वतःच्या बॅगेत काय असतं ते एकदा सांगा ना.

पुढच्या आठवड्यात दिल्लीला निघतेय, बॅग समोरच आहे. तोलून लिहिते. बॅग सातशे वीस ग्रॅम. दोन पंजाबी ड्रेस आठशे साठ. एक साडी, परकर आणि ब्लाउज सातशे सत्तर. गाऊन दोनशे साठ, आतले कपडे तीनशे, पंचा एकशे दहा, चपला दोनशे चाळीस. साबण, दंतमंजन, कंगवा, तेलाची छोटी बाटली मिळून तीनशे ऐंशी. औषधं एकशे नव्वद, चार्जर एकशे साठ, एक पुस्तक दोनशे ऐंशी, चष्म्याची पेटी नव्वद, रिकामी पाण्याची बाटली एकशे तीस, कारण ती तपासणीनंतर आत भरून घेता येते. घडी घातलेली कापडी पिशवी साठ. सगळं मिळून चार किलो साडेपाचशे.

उरतात दोन किलो साडेचारशे ग्रॅम, ते मी आधीपासून नातवंडांच्या नावाने राखून ठेवते. कपडे त्या हद्दीत आले तर कपडे निघतात, खाऊ निघत नाही. या खेपेला दीड किलो बेसनाचे लाडू आणि अर्धा किलो चकल्या. धाकट्याने भडंग मागितलंय. ते वजनाला हलकं पण जागा फार खातं, म्हणून चपलांच्या आत पिशव्या भरून बसवता येतात का ते उद्या पाहणार आहे. चपला आधी धुऊन वाळत टाकल्यात.